करमाळ्यातून नाट्यपद आणि जॅझ गायला निघताना: काय करावे, काय टाळावे

काय करावे

गळा

- पहाटे खर्जापासून सुरुवात करा, मग मध्य सप्तक घ्या. तार सप्तक गळा तापल्यावर.
- आपली पट्टी वहीत लिहून ठेवा, नाट्यपदाची वेगळी आणि जॅझची वेगळी. जॅझमध्ये स्त्रियांचा आवाज बहुधा खाली, बोलण्याच्या जवळ लागतो.
- दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहा. करमाळ्याच्या चैत्र-वैशाखात घसा तहान लागण्याआधीच कोरडा पडतो.
- प्रयोगाच्या दिवशी जेवण तीन तास आधी उरका. भरल्या पोटी श्वास पुरत नाही.
- सर्दी-ताप असेल तर मौन पाळा. तालमीला जाऊन बसा, ऐका, गाऊ नका.
- आवाज दोन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या.
- रात्रीच्या प्रयोगानंतर सकाळी झोप पूर्ण करा. त्या दिवशीचा रियाज संध्याकाळी केला तरी चालतो.

शिक्षण

- रागदारीचा पाया आधी घाला. जितेंद्र अभिषेकींची पदे त्याशिवाय पेलत नाहीत.
- नाट्यपदाला एक गुरू करा, जॅझला दुसरा, आणि दोघांनाही हे स्वतःहून सांगा.
- रियाजाची वेळ वाटून घ्या: सकाळी रागदारी, संध्याकाळी जॅझ. दोन्हींच्या मध्ये गळ्याला आणि कानाला विसावा हवा.
- भातखंडे स्वरलिपीबरोबर स्टाफ नोटेशनही वाचायला शिका. गोव्याचे वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात अरेंजर झाले ते याच वाचनाच्या बळावर.
- कीबोर्डवर कॉर्ड धरायला शिका. चालीखालचा स्वरमेळ ऐकू आल्याशिवाय जॅझमध्ये पाऊल टाकता येत नाही.
- गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा विशारदपर्यंत द्या. पाश्चात्त्य गायनासाठी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा भारतातही देता येतात.
- पूर्ण वेळ शिकायचे असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात चौकशी करा. तिथे नाट्य आणि संगीत एकाच छताखाली आहे.

नाट्यपद

- आधी अख्खे नाटक वाचा, मग प्रवेश, मग पद. कोण कोणाला काय सांगते आहे ते कळल्यावरच सूर लावा.
- पदामागची बंदिश शोधून ती स्वतंत्र शिका. 'स्वयंवर' (१९१६) नाटकाच्या चाली देताना भास्करबुवा बखले यांनी रागदारीचाच खजिना उघडला होता.
- बालगंधर्व, केशवराव भोसले, ज्योत्स्ना भोळे आणि वसंतराव देशपांडे यांना याच क्रमाने ऐका. गायकी कशी बदलत गेली ते आपोआप उमगते.
- फैय्याज यांना बारकाईने ऐका. सोलापूरच्या या गायिका-अभिनेत्रीने 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) मधली झरीना उभी केली.
- त्यांची नाट्यपदे, लावणी आणि ठुमरी एकापाठोपाठ ऐका. प्रत्येक प्रकाराला त्यांनी त्याचाच रंग दिला.
- 'लेकुरे उदंड जाली' (१९६६) अभ्यासा. बोलता बोलता गाण्यात शिरणे हे वेगळे कसब आहे.
- तान अर्थाला धरून घ्या. भाव पोहोचला की थांबा.
- 'वन्स मोअर' आला तर पद पुन्हा म्हणा, पण पुढच्या प्रवेशाची लय सांभाळून.

जॅझ

- लुई आर्मस्ट्राँग, बिली हॉलिडे, एला फिट्झगेराल्ड आणि सारा वॉन यांना रोज ऐका, हातात काही काम न घेता.
- नाटकातून आलेल्या गाण्यांनी सुरुवात करा: 'समरटाइम' हे 'पोर्गी अँड बेस' (१९३५) मधले, 'माय फनी व्हॅलेंटाइन' हे 'बेब्स इन आर्म्स' (१९३७) मधले. नाट्यपद गाणाऱ्याला ती लवकर आपलीशी होतात.
- मूळ चाल जशीच्या तशी पाठ करा. वळवायची ती त्यानंतर.
- चार मात्रांच्या मापात चुटकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या. हे अंगवळणी पडेपर्यंत गाऊच नका, फक्त चाला आणि चुटकी द्या.
- बत्तीस बारची चौकट मनात मोजा: पहिला भाग दोनदा, मधला एकदा, पुन्हा पहिला. वादक सोलो घेत असतानाही मोजणी चालू ठेवा.
- बारा बारचा ब्लूज निदान चार पट्ट्यांत पक्का करा. अनोळखी वादकांबरोबर बसायला एवढे पुरते.
- स्कॅट करताना, म्हणजे निरर्थक अक्षरांवर गाताना, ती अक्षरे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या बोलांवरून घ्या. सरगमची सवय स्वर देते, बोल वाद्ये देतात.
- गोव्याच्या लोर्ना यांना ऐका. ख्रिस पेरी यांच्या संगीतात त्यांनी कोकणी शब्दांना जॅझचा डौल दिला.
- सी. रामचंद्र यांचा 'अलबेला' (१९५१) ऐका. ते शेजारच्या जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, आणि त्यांचे सहायक होते मुंबईच्या जॅझचे नामवंत ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट.

शब्द आणि उच्चार

- गाणे आधी गद्यात मोठ्याने वाचा. वाचताना जिथे श्वास घ्याल, तिथेच गाताना घ्या.
- मराठी पदात 'चांदणे' आणि 'चार' यांतले दोन्ही 'च' वेगळे ठेवा. 'ळ' आणि 'ण' पूर्ण उच्चारा.
- इंग्रजीत व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावा, डब्ल्यू म्हणताना फक्त ओठ गोल करा. आपल्याकडे या दोन्हींची गल्लत फार होते.
- ठुमरी-गझलेतले उर्दू शब्द जाणकाराकडून म्हणवून घ्या. नुक्ता चुकला की अर्थ बदलतो.
- भूमिकेला करमाळ्याची बोली हवी असेल तर ती पूर्ण ताकदीने बोला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) याच बोलीत महाराष्ट्रभर चालला.
- शब्द विसरले तर लय न सोडता पुढे चला. १९६० मध्ये बर्लिनच्या मैफलीत 'मॅक द नाइफ'चे शब्द विसरलेल्या एला फिट्झगेराल्ड यांनी जागच्या जागी नवे रचले.

रंगमंच

- संवाद आणि पद एकाच आवाजात जोडा. बोलणारा माणूस आणि गाणारा माणूस एकच वाटला पाहिजे.
- शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला शब्द कळतील असे गा. तालमीत तिथे माणूस बसवून खात्री करा.
- नऊवारी, शेला, टोप यांसह तालीम करा. कासोटा घट्ट बसला की श्वास आखूड होतो.
- थोडे नृत्य शिका. ठेका पायात असला की लावणी आणि स्विंग दोन्ही सोपे जातात.
- 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) अभ्यासा. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या ज्या नाटकातून 'मॅक द नाइफ' आले, त्यावरूनच पु. ल. देशपांडे यांनी ते लिहिले.
- त्यातले नंदू भेंडे पाहा. रॉक गायक आणि 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मधला जुडास अशी तयारी करून ते मराठी नाटकात गायले.
- राज्य संगीत नाट्य स्पर्धेत उतरा. एका प्रयोगात वर्षाच्या तालमीइतके शिकाल.
- कॉलेजात असाल तर विद्यापीठाच्या युवा महोत्सवात सुगम आणि पाश्चात्त्य, दोन्ही गायन प्रकारांत नाव द्या.

साथसंगत

- गाणे सुरू होण्याआधी वादकांना चार गोष्टी सांगा: पट्टी, लय, सुरुवात, शेवट.
- चाल आणि कॉर्डचा कागद आपल्या पट्टीत लिहून प्रत्येक वादकासाठी एक प्रत न्या.
- मोजणी ज्या लयीत गाणार त्याच लयीत द्या. घाईत दिलेली मोजणी सगळे गाणे पळवते.
- ऑर्गन, सारंगी आणि तबल्याच्या साथीत गाण्याचा सराव ठेवा. बालगंधर्वांची साथ याच वाद्यांची होती.
- शाहिरांकडे बसून झील धरायला शिका. एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी उचलायचे, ही सवय जॅझमध्ये जशीच्या तशी उपयोगी पडते.
- लग्नाच्या बँडमधल्या ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनवाल्यांशी ओळख वाढवा. जॅझची वाद्ये तालुक्यात त्यांच्याच हातात आहेत.
- त्यांच्याबरोबर लग्नसराई संपल्यावर आठवड्यातून एक बैठक लावा. न्यू ऑर्लिन्समध्येही जॅझ अशाच रस्त्यावरच्या बँडमधून वाढला.
- सोलो संपला की वादकाचे नाव घ्या, पूर्ण आणि नीट.

माईक आणि ध्वनिमुद्रण

- रोज एक पद माईकशिवाय आणि एक गाणे माईकवर म्हणा. दोन्हींचे तंत्र वेगळे आहे.
- मोठ्या स्वराला माईक दूर धरा, हळू शब्दाला ओठांजवळ आणा.
- प्रयोगाआधी आपला आवाज मॉनिटरमध्ये ऐकून घ्या. स्वतःचा सूर ऐकू आला नाही तर माणूस ओरडतो.
- नमुना ध्वनिमुद्रण तीन गाण्यांचे ठेवा: एक नाट्यपद, एक संथ जॅझ, एक जलद. काम देणारा पहिल्या मिनिटात ठरवतो.
- आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रावर स्वरचाचणी द्या. तिथे मिळालेली श्रेणी बाहेरगावी ओळखपत्राचे काम करते.
- प्रत्येक प्रयोग फोनवर मुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐका.

दौरा

- प्रयोगाच्या आदल्या दिवशी पोहोचा. जेऊर स्थानकावरची गाडी चुकली तर हाताशी एक रात्र राहते.
- पुण्याला संगीत नाटकासाठी जा, मुंबईत एनसीपीएच्या जॅझ महोत्सवासाठी. आधी ऐकायला जा, मग गायला.
- वर्षातून एकदा गोव्याला जा. तिथे जुने जॅझवादक आणि नाट्यसंगीताची परंपरा एकाच दौऱ्यात भेटते.
- पिशवीत तानपुऱ्याचे ॲप असलेला फोन, चार्जर, कॉर्डचे कागद, पाणी आणि घशाभोवतीचा रुमाल कायम ठेवा.
- मुक्कामाच्या गावी पोहोचल्याबरोबर रंगमंचावर उभे राहून एक आलाप घ्या. नाट्यगृहाचा गुंजारव आधी कळू द्या.

पैसा आणि कागद

- नाइट (एका प्रयोगाचे मानधन) किती, प्रवास कोणाचा, राहण्याची सोय काय, हे तारीख देण्याआधी लिहून घ्या.
- पॅन कार्ड आणि बँक खाते गाण्याच्या नावाशी जुळते ठेवा. टीडीएस कापला असेल तर त्याचे प्रमाणपत्र मागा.
- ध्वनिमुद्रणाच्या करारात रॉयल्टीचे कलम वाचा. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गायकाचाही त्यात हक्क मान्य केला आहे.
- स्वतः प्रयोग लावत असाल तर लेखकाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आधी हाती घ्या.
- गाण्यावर घर चालेपर्यंत दुसरे उत्पन्न सांभाळा; वसंतराव देशपांडे यांनीही अनेक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली.
- प्रत्येक मानधनातला ठरावीक वाटा शिक्षणासाठी बाजूला काढा. गुरूची फी आणि प्रवास कधी संपत नाही.

गाव

- कमलाभवानीच्या ९६ खांबांच्या मंदिरात एक अभंग माईकशिवाय गाऊन पाहा. दगडी आवारात स्वर किती वेळ टिकतो ते कानांना कळते.
- नवरात्रात आणि कार्तिकी यात्रेत गोंधळ्यांचे संबळ जवळून ऐका; लयीतले आड-तिरके वजन तिथे फुकट शिकायला मिळते.
- जुन्या गोंधळी, शाहीर आणि भजनी बुवांची गाणी त्यांच्या परवानगीने मुद्रित करा आणि त्यावर त्यांचे नाव लिहा.
- घरच्यांना पहिल्या प्रयोगाला पुढच्या रांगेत बसवा. आई-वडिलांना जे पाहायला मिळते त्याची भीती वाटत नाही.
- गावातल्या दोन-चार मुलांना शिकवा; शिकवताना स्वतःच्या कच्च्या जागा दिसतात.

काय टाळावे

गळा

- डीजेच्या भिंतीसमोर ओरडून बोलू नका. एका वरातीत आठवड्याचा रियाज जातो.
- आवाज बसल्यावर कुजबुजू नका. त्याने स्वरतंतूंवरचा ताण कमी होत नाही.
- सारखे खाकरू नका. त्याऐवजी एक घोट पाणी गिळा.
- तंबाखू, मावा, गुटखा, सिगारेट यांना कधीही हात लावू नका.
- प्रयोगाच्या दिवशी शेंगाचटणी आणि तिखट रस्सा टाळा. पित्त वर आले की वरचे स्वर फुटतात.
- खडीसाखर आणि ज्येष्ठमधाच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नका.
- आवाज तात्पुरता उघडणारी औषधे डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.
- दुसऱ्याच्या पट्टीत गाऊन दाखवण्याची पैज लावू नका.

शिक्षण

- केवळ मोबाइलवर पाहून शिकू नका. व्हिडिओ तुमची चूक पकडत नाही.
- एका गुरूपुढे दुसऱ्या गुरूची तुलना करू नका.
- एकाच हंगामात दोन नवे प्रकार सुरू करू नका; पहिला अर्धा राहतो.
- दोन्ही बाजू पक्क्या होईपर्यंत पत्रिकेवर 'फ्यूजन' छापू नका. ज्याचे व्याकरण येत नाही ते मिसळता येत नाही.
- परीक्षेच्या प्रमाणपत्राला मैफलीची तयारी समजू नका.
- 'मला सगळे येते' असे कोणालाही सांगू नका. काय येते ते गाऊन दाखवा.

नाट्यपद

- बालगंधर्वांची हुबेहूब नक्कल करू नका. शब्द उलगडण्याची त्यांची रीत घ्या, आवाज आपला ठेवा.
- तानांनी प्रवेश अडवू नका; १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा'ने पदे मोजकी ठेवली ती नाटक चालते राहावे म्हणून.
- ज्योत्स्ना भोळे यांच्या गाण्यातला साधेपणा सोपा समजू नका. एकही स्वर लपवायला तिथे जागा नसते.
- नाट्यपदात जॅझचा लांबवलेला, खाली घसरणारा स्वर घालू नका. रागाचे रूप बिघडते.
- तानेसाठी शब्द मध्येच तोडू नका.
- नांदी उरकून टाकू नका; तिथेच सगळ्या कलावंतांचा सूर एक होतो.
- आपल्या माणसांकडून 'वन्स मोअर' मागवू नका.

जॅझ

- इंग्रजी गाण्यात मुरक्या आणि गमका भरू नका. तिथली शोभा लयीच्या खेळात आहे.
- पहिल्या मात्रेवर सम आल्यासारखे येऊन आपटू नका. शब्द किंचित मागे ठेवून सोडा.
- कॉर्ड ऐकू येत नसेल तर स्कॅट करू नका.
- दुसऱ्याचे स्कॅट पाठ करून आपले म्हणून गाऊ नका.
- अमेरिकन हेल काढू नका. स्वच्छ उच्चार पुरेसे आहेत.
- फक्त कॅराओके ट्रॅकवर तयारी करू नका; तो तुमचे ऐकत नाही आणि उत्तरही देत नाही.
- प्रत्येक गाणे जलद करू नका. संथ गाण्यातच गायकाचा श्वास आणि समज दिसते.
- जॅझला हॉटेलातले गाणे म्हणून हिणवू देऊ नका. आफ्रिकी-अमेरिकी समाजाने सोसून घडवलेली ती कला आहे.

शब्द आणि उच्चार

- अर्थ न कळलेले गाणे कोणत्याही भाषेत गाऊ नका.
- इंग्रजी गाणे देवनागरीत लिहून त्यावरून पाठ करू नका. उच्चार तिथेच चुकीचे बसतात.
- शेवटचे व्यंजन गिळू नका. मराठीत आणि इंग्रजीत शब्द त्यावरच पूर्ण होतो.
- पुण्या-मुंबईत आपली बोली लपवू नका; प्रमाण मराठी भूमिकेसाठी शिका, लाजेपोटी नव्हे.
- हातात मोबाइल धरून शब्द वाचत गाऊ नका. प्रेक्षकाकडे पाहण्याचा हक्क तुम्ही गमावता.

रंगमंच

- पद आले की भूमिका सोडून पुढे येऊन उभे राहू नका.
- दुसऱ्याच्या संवादावर घसा साफ करू नका. पडद्याआडचा आवाजही प्रेक्षागृहात जातो.
- लावणीची भूमिका कमी प्रतीची मानू नका; लयीची आणि अदाकारीची परीक्षा तिथे सर्वांत कडक असते.
- तालमीला उशिरा येऊ नका, आलात तर कारण सांगत बसू नका.
- स्पर्धेचा निकाल लागल्यावर परीक्षकांशी वाद घालू नका. त्यांना दुरुस्त्या विचारा आणि लिहून घ्या.
- प्रयोगाच्या दिवशी पदाची चाल किंवा जागा न सांगता बदलू नका.

साथसंगत

- चूक झाली तर वादकाकडे वळून पाहू नका. प्रेक्षकाला जे कळले नसते तेही कळते.
- सोलो चालू असताना पाणी पिणे, गप्पा, मोबाइल, काहीही करू नका. उभे राहा आणि ऐका.
- तबलजीला ठेका न सांगता रंगमंचावर चढू नका.
- बँडवाल्यांना 'वाजंत्री' म्हणून वेगळ्या पंगतीला बसवू देऊ नका. ते तुमचे सहकलाकार आहेत.
- दुसऱ्या गायकाशी वैर धरू नका. प्रतिस्पर्धी असूनही बालगंधर्व आणि केशवराव भोसले १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले.
- मानधन आले की साथीदारांना वाट पाहायला लावू नका; त्यांचे पाकीट आधी द्या.

माईक आणि ध्वनिमुद्रण

- माईकची जाळी मुठीत धरू नका. आवाज घोगरा होतो आणि शिट्टी वाजते.
- नाट्यपदाला प्रतिध्वनी वाढवून घेऊ नका. शब्द एकमेकांत मिसळतात.
- संगणकाने सूर दुरुस्त केलेला नमुना पाठवू नका. प्रत्यक्ष गाताना फरक उघडा पडतो.
- रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावू नका. बैठक पुढे चालवायची असेल तर माईकशिवाय गा.
- दुसऱ्याच्या हक्काचे गाणे परवानगीवाचून विकायला ठेवू नका. गाणे जुने झाले म्हणून हक्क संपलाच असे नाही.

दौरा

- रात्रभर एसटीत बसून सकाळच्या प्रयोगाला उभे राहू नका.
- गाडीत खिडकीच्या वाऱ्यावर गप्पा मारत जाऊ नका. इंजिनाच्या आवाजावर बोलताना गळा नकळत ताणला जातो.
- दोन सलग रात्री मोठ्या भूमिका घेऊ नका. नकार देण्याने कामे जातात त्याहून जास्त कामे बसलेल्या आवाजाने जातात.
- अनोळखी आयोजकाच्या शब्दावर एकटे निघू नका. ठिकाण, फोन आणि परतीची वेळ घरी सांगून जा.
- प्रयोगानंतरच्या जेवणावळीत गायचा आग्रह मानू नका. काम संपले आहे.

पैसा आणि कागद

- 'नाव होईल' या आश्वासनावर दुसऱ्यांदा फुकट गाऊ नका.
- न वाचलेल्या करारावर सही करू नका. पुढची किती वर्षे दुसऱ्याकडे गायचे नाही, हे कलम आधी शोधा.
- गाण्याचे सगळे हक्क कायमचे लिहून देऊ नका.
- नाटकासाठी घर-शेत गहाण टाकू नका. गंधर्व नाटक मंडळीसारखी वैभवशाली कंपनीही कर्जात रुतली होती.
- पुरस्कारासाठी पैसे भरू नका.
- दुसऱ्या गायकापेक्षा कमी पैशात गायला तयार होऊन त्याचे काम हिसकावू नका; भाव पडला की तो सगळ्यांचाच पडतो.

गाव

- 'इथे कोणाला जॅझ कळणार' असे म्हणू नका. 'सैराट'च्या गाण्यांचा वाद्यमेळ लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित झाला आणि तो करमाळ्यानेही डोक्यावर घेतला.
- हळद, गोंधळ, जत्रा इथले गाणे कमीपणाचे मानू नका. प्रेक्षक धरून ठेवणे तिथेच शिकता येते.
- लोकगीताला स्वतःची रचना म्हणून नाव लावू नका.
- देवळातल्या सेवेत टाळीची अपेक्षा धरू नका.
- बाहेरगावी नाव झाल्यावर पहिल्या गुरूचे नाव वगळू नका. प्रत्येक पत्रिकेत ते छापून घ्या.
- काही वर्षे गाणे थांबले म्हणून कायमचे सोडू नका. लोर्ना मोठ्या खंडानंतर पुन्हा माईकसमोर आल्या आणि लोकांनी त्यांना ऐकले.
- फैय्याज २०१५ मध्ये बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, हे ठाऊक असताना 'सोलापूरकडच्यांना कोण विचारतो' असे कोणत्याही मुलीला ऐकवू नका.